फिल्म स्कॅनर घेताय? घरचे फोटो आणि ताऱ्यांचे फोटो, दोन्हींसाठी या चुका टाळा

निगेटिव्हचा डबा न उघडताच स्कॅनरची ऑर्डर टाकणं, ही सगळ्यांत महागात पडणारी चूक. आपल्याकडे बऱ्याच घरांत आग्फा क्लिक थ्री असायचा. त्यात १२० चा, ३५ मिमीपेक्षा रुंद रोल लागे आणि त्यावर बारा चौकोनी फोटो येत. प्लस्टेक ऑप्टिकफिल्म ८२००आय हे मशीन फक्त ३५ मिमीचं, त्यामुळे आजीच्या लग्नाची ती रुंद निगेटिव्ह त्यात जाणारच नाही. तिच्यासाठी एप्सन व्ही६०० सारखा, झाकणात दिवा असलेला फ्लॅटबेड, म्हणजे सपाट काचेचा स्कॅनर हवा.

दुसरी चूक म्हणजे खोक्यावरच्या डीपीआयवर, म्हणजे इंचामागे किती ठिपके टिपतो या आकड्यावर, विश्वास ठेवणं. व्ही६०० वर ६४०० लिहिलेलं असतं, पण हाती लागतो दीड हजाराच्या आसपासचा तपशील. प्लस्टेक ७२०० म्हणतो आणि सव्वातीन हजारांच्या आसपास देतो. अल्बमसाठी दीड हजारही चालतात, कारण चेहरा थोडा मऊ आला तरी कुणी तक्रार करत नाही. तारा मात्र मुळातच ठिपका. तो पसरला की आजूबाजूचे मंद तारे त्यातच बुडतात. म्हणून १९९७ च्या हेल-बॉप धूमकेतूच्या ३५ मिमी स्लाइड असतील, तर त्या फ्लॅटबेडवर टाकू नका.

आता खरी गोम. धूळ-ओरखडे काढणारं डिजिटल आइस इन्फ्रारेड प्रकाशावर चालतं. रंगीत फिल्ममधल्या रंगांतून हा प्रकाश आरपार जातो आणि धुळीपाशी अडतो, त्यावरून मशीनला कचरा कळतो. पण कृष्णधवल फिल्ममध्ये चांदी असते आणि चांदीही तो अडवते. निगेटिव्हवर तारा म्हणजे चांदीचा काळा ठिपका! मशीन त्याला धूळ समजून बेमालूम पुसून टाकतं. कोडॅक टेक्निकल पॅन या कृष्णधवल फिल्मवर काढलेले आकाशाचे फोटो कुणी आइस चालू ठेवून स्कॅन केले, तर तक्रार ठरलेली: ‘तारे कमी का दिसतात?’ रंगीत फिल्मवर आइस सहसा चालतं, कोडाक्रोम या कोडॅकच्या जुन्या रंगीत स्लाइड फिल्मवर मात्र ते गडबड करतं. एप्सनच्या सॉफ्टवेअरमध्ये ‘डस्ट रिमूव्हल’ नावाचा वेगळा पर्यायही असतो. तो इन्फ्रारेड न वापरता नुसते ठिपके हुडकतो. आकाशासाठी तो कधीच नको. शंका आली तर तीच फ्रेम एकदा चालू आणि एकदा बंद ठेवून स्कॅन करा, आणि ओळखीच्या तारकासमूहातले तारे ताडून पाहा.

फ्रेम अर्धीच कापली जाते किंवा दिसतच नाही? मशीन बिघडलेलं नाही. काळ्या आकाशात सॉफ्टवेअरला फ्रेमची कड सापडत नाही. थंबनेल, म्हणजे फ्रेमा आपोआप ओळखून कापणारा पर्याय, बंद करून साधा प्रिव्ह्यू घ्या आणि चौकट हातानं आखा. ऑटो एक्सपोजरही बंदच बरं. ते रात्रीला ‘सुधारून’ राखाडी करतं, नाहीतर काळा रंग इतका दाबतं की धूमकेतूची शेपटी तुटते. फाइल १६ बिट टिफ, म्हणजे छटांचा तपशील जास्त जपणाऱ्या प्रकारात ठेवा. घरच्या फोटोंना जेपीजी पुरते.

एका कडेचे तारे फुगलेले दिसले, तर फिल्म १८० अंशांत फिरवून पुन्हा स्कॅन करा. फुगवटा स्कॅनच्या त्याच बाजूला राहिला तर दोष होल्डरचा (फिल्म धरणाऱ्या चौकटीचा) किंवा स्कॅनरचा. फोटोबरोबर फिरला तर फिल्म वाकलेली आहे, किंवा तेव्हाची लेन्सच तशी होती.

कोकणातल्या, मुंबईतल्या दमट हवेत निगेटिव्हला बुरशी धरते. ती पाण्यानं पुसू नका, बुरशीनं खाल्लेलं जिलेटिन पाण्यात विरघळतं आणि चित्रही त्याबरोबर जातं.

आणि जुना निकॉन कूलस्कॅन हा फिल्म स्कॅनर स्वस्तात मिळतोय म्हणून डोळे झाकून घेऊ नका. मशीन उत्तम, पण उत्पादन कधीच थांबलंय आणि आतल्या आरशावर धूळ बसते. मग ठळक ताऱ्यांभोवती धुरकट वलय येतं आणि आपण उगाच फिल्मला दोष देतो. शिवाय त्यातल्या ९००० ईडी या मॉडेलला फायरवायर नावाची जुनी केबल-जोडणी लागते, ती नव्या संगणकांत नसते. विकणाऱ्याकडून काळ्या पार्श्वभूमीवर ठळक पांढरं काही असलेल्या स्लाइडचं स्कॅन मागवा, तेही कुठलीही दुरुस्ती न केलेलं.