परदेशी कॉलेजचा इंटरव्ह्यू: ठरवायचा कसा आणि धसका किती घ्यायचा

ऑक्टोबर लागला की सांगलीत विश्रामबागेतल्या माझ्या घरी फोन सुरू होतात. "मॅडम, पोरीला अमेरिकेच्या कॉलेजचा इंटरव्ह्यू आलाय, पुण्यात क्लास लावू का?" लावू नका. आधी त्या कॉलेजात इंटरव्ह्यूला किंमत किती ते बघा.

गूगलवर कॉलेजचं नाव आणि पुढे 'कॉमन डेटा सेट' टाका. अमेरिकेतली बरीच कॉलेजं दरवर्षी ही फाइल काढतात. तिच्यातल्या 'सी ७' तक्त्यात मार्क, निबंध, शिफारसपत्रं, इंटरव्ह्यू अशा प्रत्येक गोष्टीपुढे खूण असते: फार महत्त्वाचं, महत्त्वाचं, विचारात घेतो, घेत नाही. इंटरव्ह्यूपुढे पुष्कळदा 'विचारात घेतो' एवढंच सापडतं. म्हणजे निबंध अर्धवट टाकून इंटरव्ह्यूची घोकंपट्टी करण्यात अर्थ नाही.

हार्वर्ड, एमआयटीसारख्या ठिकाणी इंटरव्ह्यू मागून मिळत नाही. अर्ज गेला की कॉलेज तुमचं नाव एखाद्या माजी विद्यार्थ्याकडे देतं. तो हे काम फुकट करतो. सहसा त्याच्याकडे तुमचे मार्कही नसतात. तो गप्पा मारतो, अहवाल पाठवतो, त्याचं काम संपलं. माणूसच उपलब्ध नसेल तर इंटरव्ह्यू होत नाही, आणि त्यापायी अर्जाला धक्का लागत नाही. शेजारच्याला मेल आला, आपल्याला नाही, म्हणून घरात सुतक नको. काही छोट्या कॉलेजांत मात्र वेबसाइटवर वेळ स्वतः बुक करावी लागते. तिथं जागा भरतात, लवकर बघा.

मेल आला (स्पॅमही उघडत जा) की त्याच दिवशी उत्तर द्या, आणि ते मुलानंच लिहायचं, बाबांनी नाही. दोन-तीन वेळा सुचवा, प्रत्येक वेळेपुढे भारतीय वेळ लिहा. समोरचा न्यूयॉर्कला असेल तर जपून: नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी तिकडची घड्याळं मागं जातात, साडेनऊ तासांचा फरक साडेदहाचा होतो. प्रत्यक्ष भेटायचं असेल तर कॅफे किंवा ऑफिस ठरवा. आई-वडिलांनी दुसऱ्या टेबलावरही बसू नये. आणि कंदी पेढ्यांचा बॉक्स घरीच ठेवा; भेटवस्तू दिली की समोरचा अवघडतो.

बोलायचं काय? हरिपूरची एक मुलगी 'लीडरशिप'चं पाठ केलेलं उत्तर म्हणत होती, समोरचे गृहस्थ नुसते हूं हूं करत होते. मग त्यांनी सहज विचारलं, तुमच्या गावात काय बघण्यासारखं आहे? ही पेवांवर, म्हणजे हळद साठवायच्या जमिनीतल्या खोल खड्ड्यांवर घसरली. जमिनीखाली हळद कशी साठवतात, पेव उघडलं की आत उतरण्याआधी कंदील का सोडतात, तो विझला तर माणूस का उतरत नाही, २००५ च्या महापुरात पेवांचं काय झालं. पुढं प्रश्न तेच विचारत राहिले. तुमच्या घरी हळदीचा सौदा असेल, मिरजेत सतारीचं काम असेल, तर तेच बोला. निदान पुढच्या प्रश्नाला तुम्ही गडबडणार नाही.

ऑक्सफर्ड-केंब्रिजचा हिशेब वेगळा, तिथं खरंच घाम गाळा. अर्ज १५ ऑक्टोबरपर्यंत, इंटरव्ह्यू बहुतेक डिसेंबरमध्ये, आणि घेणारे त्या विषयाचे प्राध्यापक. छंद-बिंद कुणी विचारत नाही. न पाहिलेलं गणित समोर टाकतात आणि तुम्ही विचार कसा करता ते ऐकतात. 'ऐकतात' हे महत्त्वाचं. आपली पोरं उत्तर सापडेपर्यंत तोंड उघडत नाहीत, कारण वर्गात आम्हीच तशी सवय लावलेली असते. म्हणून आपल्या फिजिक्सच्या किंवा गणिताच्या सरांना गाठा, रोज अर्धा तास फळ्यापाशी उभं राहून मोठ्यानं बोलत गणित सोडवा. "इथं अडकलो, आता हे करून बघतो" असं म्हणता आलं पाहिजे. सरांनी मध्येच इशारा दिला तर हट्ट सोडून तो धरायचा. इशारा घेता येतो का, हेही ते बघत असतात. इंग्रजी फर्डं नसलं तरी चालतं.

अमेरिकेच्या इंटरव्ह्यूनंतर दुसऱ्या दिवशी आभाराचा मेल टाका. तीन ओळी, त्यात बोलण्यातली एखादी नेमकी गोष्ट. "माझं काम होईल ना?" असं लिहू नका, त्या बिचाऱ्यालाही ते ठाऊक नसतं.