नवी कॉइल घेण्याआधी जुन्यांची अदलाबदल करा

यवतेश्वरचा घाट चढताना गाडी झटके देते, चेक इंजिनचा दिवा लुकलुकतो आणि चारही कॉइल (प्लगला ठिणगीसाठी जोरदार वीज देणारे भाग) बदलायचा सल्ला मिळतो. बहुतेकदा एकच गेलेली असते. प्रत्येक प्लगवर स्वतंत्र कॉइल असेल तर ती घरीच सापडते.

१. गाडीतले बिघाडाचे कोड वाचणारा स्कॅनर लावा. पी०३०१ म्हणजे पहिल्या सिलिंडरमध्ये पेट्रोल नीट पेटत नाही, पी०३०२ म्हणजे दुसऱ्यात. समजा पी०३०१ आला.
२. इंजिन थंड, चावी बंद. पहिली कॉइल दुसऱ्यावर, दुसरी पहिल्यावर बसवा. बोल्ट बहुधा १० नंबरचा असतो.
३. कोड पुसून छोटा चढ चढा. पी०३०२ आला तर दुसऱ्यावर नेलेली कॉइल खराब. पी०३०१च आला तर प्लग अदलून बघा.

दिवा लुकलुकू लागला की लगेच थांबा. न जळलेलं पेट्रोल कॅटॅलिटिक कन्व्हर्टरची (धूर स्वच्छ करणाऱ्या भागाची) वाट लावतं, आणि तो कॉइलपेक्षा कितीतरी महाग.

प्लग खोलण्याआधी खळग्यात हवा मारा, नाहीतर माती थेट सिलिंडरमध्ये. बसवताना प्लगच्या टोकावर रबरी नळी खोचून फिरवा: आटे तिरके लागले तर नळी घसरते, अॅल्युमिनियमचा हेड वाचतो. १४ मिमी आट्यांचा, वॉशरवाला नवा प्लग हाताने टेकला की पान्याने अर्धा फेरा पुरे.