चिलापी लोकांच्या गळी उतरवायचीय? मग या चुका टाळा

आमचं गाव उजनी धरणाच्या बॅकवॉटरला, भिगवणच्या जवळच, आणि मी राहतो पुण्यात, त्यामुळं गेली कित्येक वर्षं माझं एक बिनपगारी काम ठरलेलंय, गावाकडनं येताना थर्माकोलच्या पेटीत चिलापी आणायची आणि जो भेटेल त्याला खायला लावायची. चिलापी म्हणजे तिलापिया, मूळची आफ्रिकेतली. भारतात आणली १९५२ साली, पटापट वाढते म्हणून, आणि ती इतकी पटापट वाढली की १९५९ मध्येच सरकारी समितीनं तिच्या प्रसारावर बंदी घातली. पण तोवर ती सुटली होती. आता उजनीत जाळं टाकलं की आधी चिलापीच हाताला लागते, वाम, मरळ, शिंगटा हे देशी मासे कसे मुबलक सापडायचे हे काका सांगतात आणि आम्ही ऐकतो.

तर खाऊन ती जरा कमी करावी, हा साधा विचार. पण हे पटवताना मी जेवढी माती खाल्लीय तेवढी त्या चिलापीनंसुद्धा खाल्ली नसेल, म्हणून हे लिहितोय.

ताटावर बसल्यावर ज्ञान देऊ नका

ही माझी पहिली चूक आणि सगळ्यात जास्त वेळा केलेली. चिलापीची मादी अंडी तोंडात धरते, पिल्लं बाहेर आली तरी काही दिवस धोका दिसला की ती परत आईच्या तोंडात शिरतात, म्हणून तर त्यांची इतकी पिल्लं जगतात. मला हे भारी वाटतं. एकदा साफ करताना मासळीचं तोंड उघडलं तर आत मोहरीपेक्षा थोडी मोठी पिवळसर अंडी चिकटलेली, मी कौतुकानं फोटो काढला आणि जेवायला आलेल्या मित्रांना दाखवला, पानात तुकडी वाढलेली असताना. दोघांनी फक्त भात आणि सोलकढी खाल्ली. देशी मासे वाचवा, परकी मासळी हटवा हे सगळं खरंय, पण भुकेल्या माणसाला तुकडी कुरकुरीत आहे का एवढंच कळतं. अंड्यांची गोष्ट बडीशेप खाताना सांगा.

दुसऱ्या माशाच्या नावानं खपवू नका

सासरची मंडळी अलिबागकडची. त्यांच्या लेखी गोड्या पाण्यातला मासा म्हणजे मासाच नव्हे. मी शहाणपणा केला, चिलापीच्या तुकड्या मस्त तळल्या आणि मामींना सांगितलं जिताडा आहे, म्हणजे त्यांच्याकडचा मानाचा खाडीतला मासा. आता अलिबागच्या बाईला जिताडा म्हणून चिलापी वाढणं म्हणजे कोल्हापूरकराला टोमॅटो सूप देऊन तांबडा रस्सा सांगण्यासारखं. त्यांनी एक घास घेतला, काटा बाजूला काढून बघितला आणि म्हणाल्या, "जावईबापू, हा जिताडा कुठल्या नळाखाली पोहत होता?" त्यापुढं दोन वर्षं मी काहीही वाढलं की आधी चौकशी व्हायची, अगदी चिकन असलं तरी.

नाव बदलणं ही वेगळी गोष्ट, ती उघडपणे करता येते. अमेरिकेत मिसिसिपीच्या खोऱ्यात आपल्याकडे ज्यांना चंदेरा नि गवत्या म्हणतात तेच कार्प मासे माजलेत, एशियन कार्प नावानं कोणी खाईना म्हणून इलिनॉय राज्यानं २०२२ मध्ये त्यांचं 'कोपी' असं बारसं केलं. पण नाव हे लई जोरात लागू पडलं तरी पंचाईतच असते. टूथफिश नावाचा दक्षिणेकडच्या थंड समुद्रातला मासा १९७७ मध्ये एका अमेरिकन व्यापाऱ्यानं 'चिलीयन सी बास' म्हणून विकायला घेतला, पुढं हॉटेलवाल्यांना तो इतका आवडला की चोरटी मासेमारी सुरू झाली आणि २००२ मध्ये शेफ लोकांनाच हा मासा मेनूवरनं काढा म्हणून मोहीम चालवावी लागली. बिचारा नको असलेला बरा होता. आपल्या चिलापीला मात्र नवीन नावाची गरज नाही, भिगवणच्या हॉटेलांत फ्लेमिंगो बघायला आलेली पुणेरी जनता 'एक चिलापी थाळी' असं बिनधास्त सांगते.

मातीचा वास येतो हे नाकारू नका, तो घालवा

इथंच नव्वद टक्के लोक कायमचे जातात. एकदा वास आला की तो माणूस आयुष्यभर सांगत फिरतो, आणि आपण "छे हो, तुम्हाला वाटतंय तसं" म्हटलं तर आणखी चिडतो. वास खरा असतो. पहिल्या पावसात मातीला जो सुगंध येतो त्यातला एक पदार्थ असतो, जिओस्मिन, तोच इथं असतो. पाण्यातलं निळं-हिरवं शेवाळ आणि काही जिवाणू तो तयार करतात आणि तो माशाच्या चरबीत जाऊन बसतो. पावसात त्याच्यावर कविता करायच्या आणि ताटात आला की नाक मुरडायचं, असं आपलं चाललंय. उन्हाळ्यात पाणी खाली जाऊन शेवाळ माजलं की वास वाढतो, तेव्हा नवख्या माणसाला पहिल्यांदा खाऊ घालायचं असेल तर एप्रिल-मे टाळा.

उपाय असा. पोट फाडताना पित्ताची पिशवी फुटू देऊ नका, फुटली तर तेवढा भाग कडू होतो, लगेच धुऊन कापून टाका. पोटाच्या आत काळी पातळ साल असते, बाजारात घाईत कापणारे ती तशीच ठेवतात, ती खडे मिठानं बोटानं घासघासून काढायची, आतनं पांढरं दिसेपर्यंत. कल्ले पूर्ण काढायचे. मग तुकड्यांना मीठ आणि थोडं बेसन चोळून धुवायचं, आणि शेवटी चिंचेच्या कोळात पंधरा-वीस मिनिटं, आंबटपणानं जिओस्मिन मोडतं. लिंबू, कोकमाचं आगळ काहीही चालतं, पण तासभर ठेवू नका, मांस भुसभुशीत होतं आणि तव्यावर तुकडीचा चिवडा होतो. एवढं करूनही वास राहिला तर तुकडीच्या कडेनं जी गडद लालसर पट्टी असते ती आणि कातडं काढून टाका, चरबी तिथंच जास्त असते. आणि साफ करताना पाठीवरचे काटे सांभाळा, बोटात घुसला की दोन दिवस ठणकतं, ते मात्र कुठल्याच आगळानं जात नाही.

सुरमईसारखी करू नका

नारळाच्या घट्ट वाटणात चिलापी गपगुमान पडून राहते, चवच लागत नाही. देशावरचा मासा आहे, देशावरच्यासारखा करा, कांदा-लसूण मसाला, भरपूर लसूण, पातळ झणझणीत रस्सा आणि बाजरीची भाकरी. तळायची तर तुकडी फडक्यानं कोरडी करून, तांदळाच्या पिठात घोळवून, तेल नीट तापल्यावरच सोडा, आणि खालची बाजू सुटेस्तोवर उलथनं लावू नका. चिकटते म्हणणारे सगळे घाईवाले असतात.

जमेची बाजू पण सांगा की. रोहू-कटल्यात मांसामध्ये ते बारीक, इंग्रजी Y च्या आकाराचे काटे असतात ना, ज्यांच्या भीतीनं अर्धी शहरी पोरं मासे सोडतात, ते चिलापीत नसतात. कणा आणि बरगड्या काढल्या की पोराच्या हातात देता येते. आमच्या सोसायटीत चिलापी पसरली ती पर्यावरणामुळं नव्हे, एका पाच वर्षांच्या मुलानं काटा न लागता दोन तुकड्या संपवल्या म्हणून.

स्वस्त आहे, स्वस्त आहे असं घोकू नका, पाहुण्याला वाटतं आपल्यावर स्वस्तातलं भागवलं. आणि कॅलेंडर बघून बोलवा राव, मी एकदा हौसेनं सात जणांना बोलवलं आणि निघाली संकष्टी, चार किलो मासळी आणि पाच उपासवाले.

पाण्याचं विचारलं तर उडवून लावू नका

पुणे-पिंपरीचं सांडपाणी मुळा-मुठा नि भीमेतनं शेवटी उजनीतच येतं हे सगळ्यांना माहितीय, त्यामुळं "एकदम शुद्ध, ऑरगॅनिक" वगैरे सांगितलं की समोरचा हसतो आणि बरोबरच हसतो. मी सरळ सांगतो, मी खातो, घरच्यांना देतो, नीट साफ करतो, नीट शिजवतो, रोज खात नाही. कोणाला नको असेल तर आग्रह करत नाही.

मोठीच पाहिजे असा हट्ट नको

सगळे पाऊण किलोची मागतात. पण गर्दीच्या पाण्यात चिलापी लहानपणीच अंड्यावर येते आणि बुटकीच राहते, म्हणजे मोठ्या तेवढ्या उचलल्या तरी बारक्यांचा संसार चालूच. संख्या कमी करायची असेल तर हाताएवढ्या बारक्या पण खा, दोन्ही बाजूंनी जवळजवळ चिरा पाडून कडक तळल्या की शेपटीसकट जातात.

जिवंत नेऊन सोडू नका, ही सगळ्यात महागात पडणारी चूक

लोकांना चव लागली की पुढचा प्रश्न हमखास येतो, "आमच्या शेततळ्यात दहा-वीस सोडू का?" नको! शेततळं भरून ओढ्याला लागलं की झालं. ज्यांना पाळायचीच आहे त्यांच्यासाठी सुधारित जातीची परवानगी घेऊन करायची रीतसर पद्धत आहे, धरणातली बादलीतनं नेणं ही ती पद्धत नव्हे. आफ्रिकन मांगूरचं काय झालं बघा, केंद्रानं २००० साली बंदी घातली तरी गिऱ्हाईक आहे म्हणून लोक खड्ड्यांत चोरून पाळतातच, कत्तलखान्याची घाण खायला घालून. म्हणून 'परकी मासळी खा' म्हणताना मांगूरला त्यात धरू नका, तो विकत घेतला की पाळणाऱ्यालाच पैसे जातात. देशी मांगूर वेगळा, पण कापलेल्या ढिगात तुम्हाला ओळखता येणार नाही, तेव्हा सोडाच.

आणि सगळंच खाऊन संपत नाही हेही मान्य करा. उजनीत आता सकर मासा आलाय, कोणाच्यातरी फिशटँकमधनं सुटलेला, अंगावर चिलखत, जाळ्यात अडकला की जाळं कापूनच काढावा लागतो. त्याची रेसिपी मला विचारू नका. चिलापीसुद्धा आपल्या खाण्यानं धरणातनं जाणार नाही, फार तर आटोक्यात राहील, आणि काकांना तर ती जायलाच नकोय. मी एकदा जोशात म्हणालो, आपण सगळ्यांनी मनावर घेतलं तर दहा वर्षांत चिलापी संपेल. काका जाळं विणत होते, मान वर न करता म्हणाले, "आन् मग आमी काय इकायचं, तुजा फोटू?"

मामींचं सांगायचं राहिलं. त्या अजून चिलापीला मासा म्हणत नाहीत. पण मागच्या महिन्यात फोन आला, येताना ते तुमच्याकडचं काय असतं ते आण, आणि डोकी टाकू नकोस, कालवणाला लागतात.