पहिल्या पावसाआधी तलावातला कांदळाचा पाला बाहेर काढा

कांदळवनाला लागून निमखाऱ्या पाण्यात कोळंबी किंवा मासे वाढवता ना? मग या पंधरवड्यात बाकी एखादे काम राहिले तरी चालेल, पण तलावाच्या तळात आणि पाणी आत घेणाऱ्या चरात साचलेला वाळका पाला उचला. पहिली जोराची सर पडायच्या आधी. नंतर उचलून अर्धाच उपयोग होतो.

तलाव सुकवतात, चुना टाकतात, बीज वेळेवर सोडतात, पण पाला मात्र ‘त्याचे खतच होईल’ म्हणून तळात ठेवतात. पाऊस पडला की दोन-तीन दिवसांत पाणी कोऱ्या चहासारखे होते आणि एका पहाटे कोळंबी काठाशी वर येते. अशी उभी पिके गेलेली मी पाहिली आहेत. दर वेळी दोष बियाण्याला दिला गेला आणि तळातला पाला तसाच राहिला.

त्याचे खत का होत नाही ते समजून घ्या. कांदळाच्या पानात टॅनिन, म्हणजे पाणी तपकिरी करणारे तुरट द्रव्य, भरपूर असते. कांदळवनातलेच दुसरे झाड म्हणजे तिवर, त्याच्या पानात ते कमी, म्हणून तिवराचा पाला लवकर कुजतो. शिवाय पान गळण्याआधी झाड त्यातले बरेचसे नत्र परत ओढून घेते. खाली पडते त्यात कर्ब भरमसाट आणि नत्र नावापुरते. असे पान कुजवायला जिवाणूंना नत्र कमी पडते आणि ते पाण्यातले उचलतात. त्यात टॅनिन प्रथिनांना आणि जिवाणूंच्या विकरांना (पान कुजवणाऱ्या एन्झाइमना) धरून बसते, त्यामुळे पानातले नत्रही सहज सुटत नाही. म्हणजे तुमचे ‘खत’ उलट तलावातलेच नत्र खाते, आणि पानातून सुटणारा बाकीचा अर्क खाताना जिवाणू प्राणवायूही संपवतात.

खाडीत हाच पाला सोन्यासारखा असतो. तिथे खेकडे तो बिळात ओढतात, नत्र एका ओहोटीत वाहून न जाता हळूहळू सुटते, खारे पाणी आणि ऊन टॅनिनचा जोर उतरवतात. बंद तलावात पाणी हलत नाही, पावसाने खारटपणा उतरलेला असतो, वर ढग. त्यात वाळून कडक झालेले पान ओल्या पानापेक्षा लवकर अर्क सोडते. सगळा अर्क एकदम पाण्यात येतो.

सेकी तबकडीने, म्हणजे पाण्यात किती खोलीपर्यंत दिसते ते पाहून पारदर्शकता मोजायच्या तबकडीने, इथे अनेकांना फसवले आहे. ३० ते ४० सेंमी पारदर्शकता चांगली म्हणतात, ते शेवाळाच्या हिरव्या पाण्यासाठी. टॅनिनच्या तपकिरी पाण्यातही तबकडी तेवढ्यावरच दिसेनाशी होते, आणि शेवाळ मात्र जवळजवळ नसते. काचेच्या ग्लासात पाणी घेऊन उजेडात धरा: पारदर्शक तपकिरी दिसले तर पाल्याचा अर्क, गढूळ हिरवट दिसले तर शेवाळ. माझा आणखी एक अंदाज: बादलीभर तलावाच्या पाण्यात मूठभर वाळका पाला दोन दिवस भिजवा. पाणी गडद होऊन कुजकट वास आला, तर तळातला पाला हेच करणार आहे.

शेवाळ धरत नाही म्हटल्यावर विक्रेता ‘पाणी तयार करणारी’ जिवाणूंची बाटली आणि वर युरिया, सुपर फॉस्फेट देतो. माती आम्लधर्मी असेल तर स्फुरद लोह आणि ॲल्युमिनियमशी बांधले जाते, शेवाळाला फारसे मिळतच नाही. तळात पाला असताना कुठल्याही जिवाणूच्या बाटलीवर पैसे घालू नका. पाला उपसायला दोन माणसे लावा, ती स्वस्त पडतात.

बाकी नेहमीची कामे:
- मातीचा सामू तपासा. ५ ते ६ असेल तर शेतीचा चुना हेक्टरी साधारण २ टन, चाचणीनुसार कमीजास्त.
- पाण्याचा सामू ७.५ ते ८.५.
- विरघळलेला प्राणवायू ४ मिग्रॅ/लिटरच्या वर. मोजणी सूर्योदयाआधी.
- दरवाजाची जाळी, बांधाची भोके आणि एरेटर (पाण्यात हवा मिसळणारे यंत्र) तपासा.

पाणी तपकिरी झालेच असेल तर त्या दिवशी खाद्य बंद. रात्रभर एरेटर चालवा, जाळ्याने पाला ओढा. भरतीचे पाणी बाहेर खारट आणि स्वच्छ असेल तरच १० ते १५ टक्के बदला, एका दमात जास्त नको. प्राणवायू ३ च्या खाली गेला की तासाभराचीही वाट पाहू नका.

काढलेला पाला बांधावर रचू नका, पहिल्याच सरीत तो परत आत येतो. जाळूही नका. बांधाबाहेर, झाडांखाली जिथे रोज भरती पोचते तिथे पसरा. पाल्याचा त्रास नको म्हणून झाडे तोडायचा विचार तर मनातही आणू नका, तुमचा बांध त्याच मुळांनी धरला आहे.

आणि चर एकदा साफ करून विसरू नका. प्रत्येक उधाणाला नवा पाला येतो, तो उधाण ओसरल्याच्या दुसऱ्याच दिवशी काढा.