बारा पावलांचे अंतर : हाताने घडवलेल्या धनुष्याने रानटर्कीची शिकार

भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने छंद म्हणून शिकार करता येत नाही, त्यामुळे हे टिपण अमेरिकेत राहणाऱ्या आणि तेथील परवाना काढून रानात जाऊ पाहणाऱ्या मराठी मंडळींसाठी आहे. मी मिसुरी राज्यात राहतो. येथे १ जानेवारी १९६७ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्या प्रौढाला परवान्याआधी सर्वसाधारणपणे शिकारी-प्रशिक्षणाचा दाखला लागतो, आणि रानटर्कीच्या वसंत हंगामात फक्त नर किंवा छातीवर दाढी, म्हणजे केसांसारख्या पिसांचा झुबका, दिसणारा पक्षी टिपता येतो. दगडी अणी, पात्याची रुंदी, धनुष्याचा ताण यांबाबत राज्याराज्यांचे नियम वेगळे असल्याने नियमपुस्तिका दरवर्षी नव्याने वाचावी.

धनुष्यासाठी मी ओसेज ऑरेंज या झाडाचे लाकूड वापरतो. काटेरी तार येण्यापूर्वी शेतकऱ्यांनी बांधावर कुंपण म्हणून लावलेली ही झाडे आजही मिळतात आणि शेतकरी त्यांना नुसते ‘हेज’ म्हणतात. ज्या ओसेज या मूळ अमेरिकन जमातीवरून नाव पडले, ते याच लाकडाची धनुष्ये करीत. ओंडका उभा फोडून, दोन्ही टोकांना सरस फासून, सावलीत निदान वर्षभर वाळू द्यावा. टोके मोकळी राहिली तर ती आधी वाळतात आणि उभी तडकतात. नंतर साल आणि तिच्याखालचे फिकट लाकूड काढून पिवळ्याधमक गाभ्यातील एकच वर्षवलय, म्हणजे एका वर्षात वाढलेला थर, धनुष्याच्या पाठीवर (नेमाकडच्या बाजूवर) टोकापासून टोकापर्यंत अखंड राखावे लागते. माझ्या पहिल्या धनुष्यात एका गाठीजवळ दोन मुठींची सुरी जेमतेम नखाएवढी खोल गेली आणि वलय तुटले. मी ते किरकोळ समजून पुढे काम केले; दोरी तेवीस इंच ओढली तेव्हा धनुष्य नेमके तेथेच मोडले आणि वरचा तुकडा गॅरेजच्या छताला जाऊन लागला. गाठीभोवती वलय उंचवट्यासारखे चढते, तेथे सुरी बाजूला ठेवून काचेच्या तुकड्याने खरवडावे.

दोन्ही भुजा सारख्या वाकवण्याच्या कामाला येथे टिलरिंग म्हणतात. धनुष्य भिंतीवरच्या खुंटीला अडकवून दोरी हळूहळू खाली ओढावी, जो भाग ताठ राहतो तेथेच थोडे खरवडावे, आणि वीस-तीस वेळा हलके ओढून पुन्हा पाहावे. ठरवलेल्या ताणापुढे मात्र एकदाही ओढू नये. माझे दुसरे धनुष्य ६४ इंच लांब आणि २६ इंच ओढल्यावर ४५ पौंड ताणाचे झाले. बाणांविषयी एवढेच सांगतो की, एका बाणावरची तिन्ही पिसे एकाच बाजूच्या पंखाची असावीत. माझ्या पहिल्या सहा बाणांत उजवी-डावी मिसळली होती आणि ते वाऱ्यात सापडलेल्या पतंगासारखे गटांगळ्या खात जात.

हत्यार तयार झाले की शिकार जमली, असे वाटू लागते. मलाही दोन हंगाम तसेच वाटत होते. अशा धनुष्याचा बाण संथ असतो, धनुष्यावर नेम धरायची खूण नसते, आणि पिसारा फुलवलेला नर ढोलाएवढा दिसला तरी त्याचे मर्म मुठीपेक्षा फारसे मोठे नसते. म्हणून मी बारा पावलांपलीकडे बाण सोडत नाही. इतक्या जवळ आलेल्या पक्ष्यासमोर धनुष्य ओढायचे कसे, हा खरा प्रश्न आहे, कारण त्याला रंग दिसतात आणि डोके किंचित वळवले की चहूबाजूंचे दिसते. वास मात्र त्याला फारसा कळत नाही, त्यामुळे हरणाच्या शिकाऱ्यांसारखी वाऱ्याची चिंता नको. बसून, धनुष्य तिरपे धरून सराव करावा. खालचे टोक जमिनीला टेकले की बाण भरकटतो, हे अंगणात उभे राहून कधीच कळत नाही.

रानात लाल, पांढरे, निळे काहीही अंगावर नको, कारण नराच्या डोक्याचे रंग तेच असतात आणि झाडीत दुसरा शिकारीही असू शकतो. पक्ष्याचा आवाज ऐकून त्याच्याकडे सरपटत जाऊ नये. तो आवाज माणसानेही काढलेला असतो. पाठीशी खांद्यांहून रुंद खोड घेऊन बसावे.

तिसऱ्या हंगामात, पक्ष्याला बोलावणारी पंखांच्या हाडांची शिट्टी श्वास आत ओढून तीनदा वाजवली आणि थांबलो. अति वाजवणे ही नवशिक्याची खोड आहे, मलाही ती होती. अर्ध्या तासाने नर पडलेल्या ओकमागून आला, फुलला, सावकाश वळला, आणि त्याच्याच पिसाऱ्याने त्याचे डोके माझ्यापासून झाकले. मी तेवढ्यात धनुष्य ओढले, पण तो कडेला वळेपर्यंत बाण सोडला नाही. ते काही क्षण ४५ पौंड पेलताना हात थरथरत होता. अंतर नंतर मोजले, नऊ पावले.

परवान्यावर लगेच खूण केली आणि रात्री दहाच्या आत शिकारीची नोंद केली, कारण येथे तशी मुदत आहे. या पक्ष्याच्या मांड्या शिजायला तासन् तास मंद आच लागते. पत्नीने त्यांचा रस्सा केला आणि पिसांची पोती घराबाहेर ठेवायला लावली. आता गॅरेजमध्ये दोन कागदी पिशव्या टांगल्या आहेत, एकीवर ‘उजवी’ आणि दुसरीवर ‘डावी’ असे लिहिलेले आहे.