बाबांचं वर्षश्राद्ध: या वेळी आवाज टिपायचा आहे

बाबा एसटीत कंडक्टर होते. गेल्या वर्षी नागपंचमीला गेले, 29 जुलै 2025 ला. आम्ही दोघी बहिणी सणासाठी माहेरीच आलो होतो. तेराव्याला जेवणं उरकल्यावर त्यांचे जुने ड्रायव्हर मित्र, आमचे ड्रायव्हरकाका, उभे राहिले आणि दहा मिनिटं बोलले. मुक्कामाची गाडी, रात्रीचा पाऊस, कॉलेजातून परतणारी एक मुलगी आणि तिच्यासाठी बाबांनी धरून ठेवलेली एसटी. सगळा मांडव रडला. तिथल्या प्रत्येकाच्या खिशात फोन होता आणि एकानंही रेकॉर्डिंग सुरू केलं नाही. मीसुद्धा नाही. मार्गशीर्षात काकांना अर्धांगवायूचा झटका आला, वाचा गेली. आता तीच गोष्ट आत्या बामणोलीची म्हणून सांगते, धाकटा भाऊ तापोळ्याची म्हणून. माझ्याकडे नीट उरलाय तो फक्त काकांचा हात, हवेत दोरी धरून दोनदा ओढलेला. दोन बेल, म्हणजे गाडी सोडा.

म्हणून या वेळची तयारी लिहून ठेवते. ज्यांच्या घरी असं वर्ष आहे त्यांनीही वाचावी.

सगळ्यात आधी तिथी. वर्षश्राद्ध तिथीनं होतं, तारखेनं नाही. एरवी तिथी दहा-अकरा दिवस अलीकडे येते, पण यंदा 17 मे ते 15 जून अधिक ज्येष्ठ असल्यामुळे ती पुढे सरकली. नागपंचमी 17 ऑगस्टला आहे, म्हणजे तब्बल 19 दिवस उशिरा. लांबच्यांनी 29 जुलै धरून सुट्टी काढली की संपलं, त्यामुळे सगळ्यांना आत्ताच कळवा. 17 ला श्रावणी सोमवार आहे. अर्ध्या लोकांचा उपास असणार, आणि आमच्याकडे त्या दिवशी विळी-तवा चालत नाही. मग श्राद्धाचा स्वयंपाक कसा करायचा, हे गुरुजींना आणि घरातल्या मोठ्या बाईला आधी विचारा, आदल्या रात्री वाद नको. श्रावणात गुरुजी मिळणं अवघड, आजच सांगून ठेवा. आम्ही विधी सोमवारी घरच्या घरी करणार आणि कीर्तन, फुलं व आठवणींची बैठक रविवारी 16 ला. शनिवारी 15 ऑगस्टची सुट्टी असल्यामुळे पुण्या-मुंबईची नातवंडं येऊ शकतील. महाराजांना वेळ ठरवून द्या. मागे कीर्तन लांबलं आणि माणसं बोलायला लागली तेव्हा पंगत खोळंबली होती.

मांडव, आचारी, हार, पत्रावळी हे भाऊ बघेल. फोटो फ्रेममधून बाहेर काढून स्कॅन करा, काचेवर उजेड चमकतो.

आता रेकॉर्डिंग. हे एका माणसाचं काम आहे, आणि त्या दिवशी त्याला दुसरं कुठलंही काम द्यायचं नाही. पाणी वाढ म्हणून हाक मारायची नाही, स्टँडवर कुणाला आणायला पाठवायचं नाही. "कुणीतरी करेल" असं म्हटलं की कुणीच करत नाही, हे आम्ही एकदा भोगलंय. आमच्याकडे भाचा करणार आहे. दोन फोन हवेत, एक बिघडला तर दुसरा. दोन्ही फ्लाइट मोडवर ठेवा, मध्येच कॉल आला तर रेकॉर्डिंग थांबू शकतं. जागा रिकामी करा. साध्या आवाजाला तासाला साठेक एमबी पुरतात, पण फोन आधीच लग्नाच्या व्हिडिओंनी भरलेला असतो. एक फोन बोलणाऱ्यापासून वीतभर अंतरावर, घडी घातलेल्या टॉवेलवर ठेवा. टेबलावर ठेवला तर कपबशीचा प्रत्येक आवाज त्यात येतो. स्पीकरजवळ तर ठेवूच नका. आणि आमच्या साताऱ्याकडे ऑगस्ट म्हणजे पाऊस. पत्र्याच्या मांडवात सर आली की शेजारच्याचंही ऐकू येत नाही, म्हणून बैठक मांडवात नाही, माजघरात. पंखा बंद. आदल्या दिवशी तिथेच दोन मिनिटं टिपून, कानाला लावून ऐका.

पण त्या दिवसाचीही वाट बघू नका. सत्तरीपुढची माणसं आधी गाठा, त्यांच्या घरी जाऊन. तिघांकडे मी याच महिन्यात जाणार आहे. वर्षश्राद्धाला या, तेव्हा बोलू, असं काकांना मीच म्हणाले होते.

"बाबा कसे होते?" असं विचारू नका. "देवमाणूस होता" एवढंच उत्तर येतं, आणि ते खरं असलं तरी त्यातून नातवंडांच्या हाती काही लागत नाही. समोर वस्तू ठेवा. बाबांचा कंडक्टरचा बिल्ला, तिकिटं पंच करायचा चिमटा. चिमटा हातात घेतला की माणूस आपोआप तो दाबून बघतो, आणि मग सुट्ट्या पैशांचं निघतं, मुक्कामाच्या गावात कुणाकडे भाकरी यायची ते निघतं. प्रश्न नातवंडांना विचारू द्या. मोठ्यांना सगळं माहीतच असेल असं धरून म्हातारी माणसं निम्मं गाळतात, लहानांना मात्र पहिल्यापासून सांगतात. सुरुवातीला नाव, नातं, गाव आणि तारीख बोलून घ्या. रडू आलं तर येऊ द्या, फोन बंद करू नका. आईला शेवटी बसवा, आणि तिचं एकटीचं घ्या.

मान-पान, आहेर, कोण कुठे झोपणार, ते त्या त्या वेळी बघता येईल.

संध्याकाळी माणसं पांगायच्या आत सगळ्या फाइली दुसऱ्या फोनवर आणि पेनड्राइव्हवर. त्याच दिवशी, उद्या नाही. फाइलला माणसाचं नाव द्या. बाकीचं आवरणं सकाळी.

ड्रायव्हरकाकांसाठी गाडी पाठवायची आहे. त्यांच्या सूनबाईंशी बोलले, आणते म्हणाल्या. त्यांना माजघरात भिंतीशी बसवायचं, चिमटा उजव्या हातात द्यायचा, तो हात चालतो. तेव्हा नुसता आवाज नको, व्हिडिओ लावायचा. भाच्याला हे मी दोनदा सांगितलंय, सकाळी पुन्हा सांगणार आहे.