फ्रेंचमध्ये मार्क भरपूर, फोन आला की गप्प? या चुका टाळा

अकरावी-बारावीला 'स्कोअरिंग' म्हणून फ्रेंच घेतलेली मुलं नाशकात कमी नाहीत. क्रियापदांची रूपं घडाघडा म्हणून दाखवतील. पण फ्रेंच मित्राचा फोन आला की तिसऱ्या वाक्याला विकेट. फोनवर ना चेहरा दिसतो ना हातवारे, आणि मित्र काही पाठ्यपुस्तकासारखा बोलत नाही.

फोन उचलताच ओळख परेड. "बाँझूर, झ स्वी अमोल" (नमस्कार, मी अमोल) हे वर्गात ठीक. मित्राला "आलो? साल्यू, से अमोल" एवढं पुरे. 'आलो' फक्त फोनवर. रस्त्यात भेटलेल्याला कुणी 'आलो' म्हणत नाही.

'त्यु' आणि 'व्हू'. आपल्याकडे तू-तुम्ही असल्यामुळे हा भाग मराठी माणसाला सोपा जातो, पण उच्चारात घात होतो. तोंडात 'ई' धरायची आणि ओठांचा चंबू 'ऊ'सारखा करायचा, तेव्हा 'त्यु' जमतो. सरळ 'तू' म्हटलंत तर ऐकणाऱ्याला 'सगळं' ऐकू येतं. मित्राला 'व्हू' म्हणत राहिलात तर तुटक वाटतं. त्याच्या आईने फोन घेतला, तर मात्र 'बाँझूर मादाम' आणि 'व्हू'. एकेरीवर यायचं का, ते त्यांना ठरवू द्या.

पुस्तकातला शब्द कानाने शोधणं. इथेच बहुतेक जण अडकतात. बोलताना नकारातला 'न' गळतो आणि शब्द एकमेकांत मिसळतात. 'झ न से पा' (मला माहीत नाही) चं 'शे पा' होतं, 'झ स्वी' चं 'श्वी', आणि 'कुठे आहेस?' हे नुसतं 'ते ऊ?' सगळ्यात फसवा शब्द 'प्ल्यू'. 'झे प्ल्यू द बात्री' म्हणजे बॅटरी संपली. पण शेवटचा 'स' वाजला, 'प्ल्यूस', की अर्थ 'जास्त'. तोच 'स' निरोपाच्या 'आ प्ल्यूस' (भेटू नंतर) मध्येही वाजतो. हे लिहून पाठ होत नाही, ऐकूनच बसतं.

काही कळलं नाही तरी 'वी, वी' (हो, हो). ही चूक मी सगळ्यांत वाईट मानतो, कारण दोन मिनिटांनी प्रश्न येतो आणि पितळ उघडं पडतं. त्यापेक्षा "आतां, झे पा काँप्री" म्हणा: थांब, कळलं नाही. (हा 'आतां' आपल्या 'आता'शी गल्लत करायला लावतो, सांभाळा.) आवाज तुटत असेल तर 'सा कूप'. मेन रोडवर गर्दीत उभे असाल तर 'या द्यु ब्रुई', इथे गोंगाट आहे, आणि 'झ त रापेल', मी परत फोन करतो.

उलट टोक म्हणजे मख्ख गप्प बसणं. आपण मराठीत 'हं… हं…' करतो, तसं तिकडे 'वे' (हो) आणि 'दाकॉर' (बरं) चालतं. 'आ बों?' म्हणजे 'हो का?' 'बों' म्हणजे चांगलं असलं, तरी वाईट बातमीलाही ते बिनधास्त म्हणतात. दचकू नका.

निरोपाला 'बॉन न्वी'. उन्हाळ्यात फ्रान्स आपल्या साडेतीन तास मागे असतं, हिवाळ्यात साडेचार. जुलैत नाशकात रात्रीचे अकरा वाजतात, तेव्हा तिथे साडेसात. आपल्याला झोप आली म्हणून त्याला 'बॉन न्वी' कशाला? ते झोपायला जाणाऱ्यासाठी. त्याला 'बॉन स्वारे' (संध्याकाळ छान जावो) म्हणा. आपल्या 'चल, ठेवतो'ला 'बों, झ त लेस' अगदी चपखल बसतं. 'बिझू' (पापी) मात्र जवळच्यांनाच.

आकडे. फ्रेंच लोक फोन नंबर जोड्यांत सांगतात, आणि मोबाइलची सुरुवात 06 किंवा 07 ने होते. 'स्वासांत' ऐकल्याबरोबर 60 लिहून मोकळे होऊ नका. पुढे 'केंझ' (15) आलं तर ते 75. 'कात्र व्हँ दूझ' (चार वीस बारा) म्हणजे 92. जोडी पूर्ण होईपर्यंत पेन वर ठेवा. इथून फोन लावताना +33 नंतरचं शून्य गाळा. नंबर तरीही हुकत असेल, तर "आंव्वा-म्वा अँ मेसाझ" म्हणून तो मेसेजवर मागवून घ्या.